दारापासून फळ्यापर्यंत

"हात लावू नका!" शाळेच्या पायरीशी बाई कडाडल्या. ड्रायव्हरने, त्यांच्या नवऱ्याने, पुढे केलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं, पायरी आहे म्हणून—"

"दिसते मला पायरी. पायऱ्यांवर मी कधी अडते का? अडते ती सपाटीवर. दुखणं लागल्यापासून दोन वर्षं सोबत फिरताय, एवढंही कळलं नाही?"

कळलं कसं नव्हतं! कंपवाताचं हे दुखणंच असं तिरपागडं होतं. पायऱ्या बाई खटाखट चढत, पण घरात साधं दार आलं की पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. मन पुढे जायचं, पाय मागेच. बरं, एकदा का पाय सुटले की भरभर पडायला लागायचे, मग थांबता थांबायचे नाहीत. गेल्या वर्षी अशाच अडल्या असताना याने घाबरून त्यांचा हात धरून ओढला. पाय जागेवर राहिले, धड पुढे गेलं आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घेतानासुद्धा ही बया त्याला समजावत होती, "बसने ब्रेक मारल्यावर उभ्या प्रवाशाचं होतं, तेच झालं हो. माझे पाय म्हणजे तुमची बस, आणि वरची मी म्हणजे प्रवासी." त्याला त्या वेळी रडू फुटलं होतं, आणि हिला दृष्टान्त सुचत होते!

शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. मुख्याध्यापिका एकेकाळची बाईंचीच विद्यार्थिनी. तिने फोन केला, 'बल आणि गती' एवढा एक धडा शिकवाल का? बाईंनी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

"आता नीट ऐका," वर्गाबाहेरच्या बाकाशी येऊन बाई म्हणाल्या. "तुम्ही इथे बसायचं. आत यायचं नाही. मी पडले तरी नाही."

"पडलीस तरी?"

"उचलायला वर्गभर पोरं आहेत. फळ्यापर्यंत माझी मी गेले तर गेले. नाही जमलं तर उद्यापासून शाळेचं नाव काढणार नाही. मुलाने पाठवलेली ती चाकांची खुर्ची उघडा, मी मुकाट्याने बसेन. शब्द दिला."

ड्रायव्हर बसला. या बाईने दिलेला शब्द मागे घेतलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. ती कपाटामागे ठेवलेली खुर्ची त्याला वैऱ्यासारखी वाटे.

खरं तर त्यांचं लग्न जमलं तेही याच धड्यापायी. तरुणपणी बाई एकदा अख्खा वर्ग घेऊन त्याच्या बसमध्ये चढल्या. जडत्व शिकवायचं होतं. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात, हे पोरांना अंगावर अनुभवू दे, असा बेत. पण याच्या गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडायचा नाही, अशी त्याची ख्याती! तीन थांबे गेले, एक पोर हललं नाही. शेवटी बाई तरातरा पुढे आल्या. "अहो ड्रायव्हरसाहेब, तुमच्यामुळे माझा धडा वाया चाललाय." याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, "धरून उभ्या राहा." आणि असा करकचून ब्रेक मारला की पोरं एकमेकांवर, कंडक्टर पोरांवर, आणि बाई थेट इंजिनाच्या झाकणावर. पोरं आनंदाने किंचाळली. डेपोत याची हजेरी घेतली गेली, तेव्हा चूक माझी होती हे सांगायला बाई स्वतः साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून आजवर तो त्यांना बाईच म्हणतो, आणि त्या त्याला ड्रायव्हरसाहेब.

घंटा झाली. बाई निघाल्या. व्हरांडा छान पार केला, आणि वर्गाच्या दारात आल्या तशा थांबल्या. थांबल्या म्हणजे थांबल्याच.

वर्ग उभा राहिला. "नमस्ते बाई!"

बाईंच्या टाचा थरथरत होत्या, पण पाऊल उचलत नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ड्रायव्हर बाकाच्या कडेवर सरकला. उठावं? बाईंनी बजावलंय. न उठावं? डोळ्यांदेखत बायकोची शोभा होतेय. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी धावत आली आणि बाईंचा हात धरायला गेली. ओढू नकोस गं बाई, ओढू नकोस, तो मनातल्या मनात ओरडला.

"थांब," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात जरब होती. "जागेवर जा. आणि सगळ्यांनी माझ्याकडे नीट बघा. बाई दारात का उभ्या आहेत? कोण सांगेल?"

मुलगी जागेवर जाऊन बसली.

"विरामावस्थेत असलेली वस्तू?"

"विरामावस्थेतच राहते," दोन-चार आवाज चाचरत आले.

"कुठवर?"

"बाहेरून बल लावेपर्यंत."

"हे पुस्तकातलं. दगडाला लागू आहे, मला नाही. मला आजार आहे, मुलांनो. माझ्या पायांत बळ भरपूर आहे, पण निघायचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मला ढकललं तर मी पडेन. मला फक्त ओलांडायला काहीतरी लागतं. ती फळ्याजवळची लांब पट्टी आण बघू, आणि माझ्या पायांपुढे आडवी ठेव."

मुलीने पट्टी ठेवली. बाईंनी खाली पाहिलं, गुडघा उचलला आणि पट्टी ओलांडली. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण पुढची भानगड एकट्या ड्रायव्हरला ठाऊक होती. पावलं पडायला लागली, लहान लहान, भराभर, आणखी भराभर. धड पुढे कललं. समोर टेबल, टेबलामागे भिंत. बाकावर बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबला गेला. आयुष्यभर त्या पायाने भल्या थोरल्या गाड्या थांबवल्या होत्या. इथे नुसती फरशी होती.

बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि धाडकन टेबलावर आदळवले. खडू उडाले, टेबल सरकून भिंतीला लागलं. टेबलाला धरून त्या क्षणभर वाकून राहिल्या, मग मान वर केली.

"आणि गतिमान वस्तू?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"गतिमानच राहते!" अख्खा वर्ग ओरडला.

ड्रायव्हरने डोळे पुसले. काय बाई आहे ही! स्वतःच्या दुखण्याचासुद्धा धडा करून मोकळी झाली. खुर्ची गेली खड्ड्यात, आता ती कुणी उघडायची नाही. मुलाला आजच सांगायचं, असं त्याने ठरवलं.

आत बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांचं अक्षर एकेकाळी असं टपोरं की व्हरांड्यातून वाचावं. त्याने मान उंचावून पाहिलं. फळ्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागावी तशा इवल्या इवल्या ओळी उमटत होत्या. दुखण्याने हात असा आखडला होता.

"बाई, दिसत नाही," मागून एक मुलगा म्हणाला.

खडू थांबला. बाईंनी आपलंच अक्षर जरा वेळ पाहिलं.

"मग लांब कशाला बसलाय?" त्या म्हणाल्या. "या पुढे."

बाकं सरकली. सगळा वर्ग उठून फळ्यापाशी गोळा झाला, उंच मुलं मागे, लहानखुरी पुढे, अगदी बाईंच्या खांद्याला खांदा लावून. त्या गर्दीत ड्रायव्हरला त्या दिसेनाशा झाल्या. त्यांचा आवाज तेवढा येत होता, बारीक, आणि तो ऐकू यावा म्हणून एकही मूल हलत नव्हतं.