भाऊजींच्या सुट्या भागांचा ट्रक

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, मागच्या वर्षी माझ्या ट्रकवर बसले. ट्रक चालवायला बसतात तसे नव्हे, खुर्चीवर बसतात तसे. ट्रक वीतभर लांब होता, रंग वाळायला खुर्चीवर ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन होतं.

भाऊजी उठले. मागे हात फिरवून आपल्याला काही टोचलं नाही ना, ते पाहिलं आणि घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "लग्नाच्या वयात गाडी गाडी खेळतोय. म्हटलं, जरा ब्रेक लावून बघावा."

पाहुणे हसले. आई हसली. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना न हसणारा माणूस फार उठून दिसतो. मनात मात्र म्हटलं, भाऊजी, तुमचेच भाग सुटे करून ट्रक नाही बनवला तर बघा.

असं रागाच्या भरात कोणीही म्हणतं. मी शब्दशः म्हणालो होतो.

आमच्या क्लबात एक भंगार गट असतो. त्यात विकतचा सुटा भाग चालत नाही. सगळं कशाचं तरी मोडून-काढून बनवायचं. आणि बक्षीस ठरण्याआधी माईकवर उभं राहून प्रत्येक भाग मुळात कशाचा, कोणाचा, हे सांगायचं. एक जरी लपवला, तरी गाडी बाद. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण ज्याने केला त्यालाही एक मेहुणा असावा.

ताई-भाऊजी वरच्याच मजल्यावर राहतात. मी त्यांच्या बाथरूमच्या कपाटात खांद्यापर्यंत हात घातला होता, तेवढ्यात ताई दारात आली.

"काय शोधतोयस?"

"मोटर. बारकीशी."

"कशाला?"

"सूड घ्यायचाय."

ताईने आत येऊन दार लावलं. आता कान पिळणार, असं वाटलं. तिने वरच्या फळीवरचा डबा काढून माझ्या हातात दिला. "यांचं नाकातले केस कापायचं मशीन. मोटर चांगली आहे."

"तुला चालेल?"

"माझं शिलाई मशीन जागा अडवतं म्हणून यांनी मला न विचारता कोणाला तरी देऊन टाकलं. तेव्हा मला चाललं का, असं कोणी विचारलं?" ती म्हणाली. "आणखी काय लागेल ते सांग. चोरू नकोस, तुला नीट जमत नाही."

त्यानंतर भाग येत गेले. ताई धुतलेले कपडे देते तशा चेहऱ्याने पिशवी द्यायची आणि वर जायची. रंग द्यायच्या आधी प्रत्येक भाग साबणाने धुवावा लागतो. तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. नाकाचं मशीन मी तीनदा धुतलं. रंगाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मग सगळं आधी कोरडं जुळवून पाहायचं, घासायचं, पुन्हा जुळवायचं आणि मगच चिकटवायचं. चिडलेल्या माणसाला हे काम उत्तम जमतं. त्याला घाई नसते.

इकडे भाऊजी कमी कमी होत चालले होते.

"अगं, हे दार उंच झालंय का?" ते एकदा म्हणाले.

"दारं कधी वाढतात का हो?" ताई म्हणाली. त्यांच्या बुटातल्या उंची वाढवायच्या गाद्या तेव्हा माझ्या टेबलावर होत्या. त्यांतून ड्रायव्हरची आणि क्लीनरची अशा दोन सीट कापून झाल्या होत्या.

यंदाच्या प्रदर्शनाला प्रमुख पाहुणा कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा मी भाऊजींचं नाव सुचवलं. त्यांचं टायरचं दुकान आहे आणि त्यांना स्टेजवर बसायला आवडतं. त्यांनी नवा कोट शिवून घेतला. "बघ, मनात काही ठेवत नाही मी," असं मलाच म्हणाले.

परीक्षक म्हणून निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी माझ्या ट्रकचं बॉनेट उघडून आत छोटा आरसा घातला. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आता बोला."

मी माईक घेतला. हॉल भरलेला होता. स्टेजवर मधल्या खुर्चीत भाऊजी पायावर पाय टाकून बसले होते.

"इंजिन," मी म्हणालो, "नाकातले केस कापायच्या मशीनचं."

भाऊजींचा वरचा पाय खाली आला.

"सीट, उंची वाढवायच्या गाद्यांच्या. केबिन, टकलावर केस उगवायच्या क्रीमच्या डबीची. क्रीम संपलेलं होतं. वायपर, मिशीला कलप लावायच्या ब्रशचे. टायर, पोट कमी करायच्या थरथरत्या पट्ट्याच्या रबराचे."

लोक हसायला लागले. भाऊजींनी एक हात मिशीवर ठेवला, मग पोटावर, मग कोणत्याच जागी ठेवता येईना म्हणून कोटाच्या खिशात घातला.

"हे सगळं कोणाचं?" दंतवैद्यांनी विचारलं. "नियम आहे. आणि मालकाची परवानगी?"

परवानगी हा भाग मी जुळवून पाहिलाच नव्हता. मी भाऊजींकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. ट्रक बाद झाला असता आणि पुढे वर्षभर त्यांनी तो किस्सा सगळ्यांना सांगितला असता.

दुसऱ्या रांगेतून ताई उठली.

"परवानगी माझी," ती म्हणाली. "सगळं माझ्या पगारातून आणलंय, मालकीण मीच. वापरणारे हे." तिने स्टेजकडे बोट दाखवलं. "ते मधले. नव्या कोटातले."

मी बटण दाबलं. ट्रक टेबलावरून सरळ, न अडखळता, प्रमुख पाहुण्यांच्या दिशेने घूंऽऽ करत निघाला. रोज सकाळी त्यांच्या बाथरूममधून यायचा अगदी तोच आवाज. भाऊजींनी नकळत नाक झाकलं.

दुसरा नंबर आला. पहिला एका बाईच्या बोटीला गेला. ती सासऱ्यांच्या कवळीची होती आणि सासरे शेजारीच तोंड मिटून बसले होते. तिथे मी काय बोलणार? पण बक्षिसाची ढाल भाऊजींच्याच हातून घेतली आणि फोटोग्राफर 'झालं' म्हणेपर्यंत सोडली नाही.

चहाच्या वेळी चार-पाच गलेलठ्ठ गृहस्थांनी भाऊजींना घेरलं. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या पोटाचे जे होते, त्यांनी आवाज खाली आणून, अगदी आशेने विचारलं, "साहेब, तो पट्टा... खरंच उपयोग होतो का हो?"

ताई कप घेऊन शेजारीच उभी होती. भाऊजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कोटाच्या ताणलेल्या बटणांकडे.

"नाही," ते म्हणाले.

मंडळी हळहळली. मी बिस्कीट बुडवलं.