म्हाताऱ्या राणीचा आवाज

मावशीने शनिवारचा पेपर समीक्षकाच्या टेबलावर आपटला. पेपरच्या कचेरीत आसपासच्या टेबलांवरची डोकी वर झाली आणि लगेच खाली गेली.

"तू हा सिनेमा पाहिलास?"

समीक्षक तिचा सख्खा भाचा. 'पुन्हा पाहा' या सदरात तो दर आठवड्याला एक जुना सिनेमा सुचवायचा. या वेळची होती मध्ययुगातली एक परदेशी कॉमेडी, आपल्या भाषेत डब केलेली. तलवारबाजी, भूत, खटला, प्रेमप्रकरण, सगळं एकातच. नेमकी कुठल्या जातकुळीतली म्हणावी ते कळू नये, हसवता हसवता घाबरवणारी. निदान फासाखाली उभं राहून जल्लादाशी हुज्जत घालणाऱ्या म्हाताऱ्या राणीच्या खणखणीत आवाजासाठी तरी ती पुन्हा पाहा, आता मोबाइलवरही आली आहे, असं त्याने लिहिलं होतं.

डबिंगमधला तो आवाज मावशीचा होता. घशाच्या ऑपरेशननंतर तो राहिला फक्त त्या सिनेमात. बिल्डिंगमधल्या बायका तिला कौतुकाने राणीसरकार म्हणत, पण सिनेमा एकीनेही पाहिला नव्हता. भाच्याचं वाचून तिने शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलावलं, मोबाइलवरचा सिनेमा टीव्हीवर लावला. राणीने तोंड उघडलं आणि आतून कुणा कॉलेजकन्येचा गोड, मऊ आवाज आला. मोबाइलवर आणताना कंपनीने सगळं डबिंग नव्याने केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने विचारलं, "राणीसरकार, हा लग्नाआधीचा आवाज का?" बायका हसल्या आणि अर्ध्यातूनच एकेक करून उठून गेल्या.

"इतकी वर्षं मी थापा मारत होते, असं जिन्यात बोलतात आता," मावशी म्हणाली. आवाज फाटका होता, म्हणून ती एकेक शब्द तोडून बोलत होती.

भाच्याने सांगितलं की सिनेमा त्याला तोंडपाठ आहे, लहानपणी कितीदा तरी पाहिलाय. लेख दुपारच्या आत द्यावा लागतो, दर वेळी अख्खा सिनेमा बघायला सवड कुणाला असते. सगळेच आठवणीवर लिहितात.

"सदराचं नाव काय रे तुझ्या? 'पुन्हा पाहा'. म्हणजे लोकांनी पाहायचा, तू नाही."

तो खुलासा छापण्याबद्दल विचारायला संपादकांच्या केबिनमध्ये गेला आणि तोंड पाडून बाहेर आला. आवाज कंपनीने बदलला, त्याचा खुलासा आपण का करायचा, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाली, खुलासा छापलात तरी वाचतं कोण? रविवारी घरी ये आणि त्या बायकांना तोंडावर सांग.

रविवारी बायका आल्या, त्या आढेवेढे घेतच. भाच्याने उभं राहून सगळं सांगितलं. शिवणवालीने मान डोलावली. "भाचाच तो. मावशीची बाजू घेणारच." वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स म्हणाली, मग राणीसरकारांनी एक वाक्य म्हणून दाखवावं, विषय संपेल.

"मी परीक्षेला बसलेले नाही," असं म्हणून मावशी स्वयंपाकघरात गेली. तिथून टीव्ही दिसत नव्हता. भांडी आपटल्याचे आवाज येऊ लागले. आता काय करावं ते न कळून भाच्याने सिनेमा लावला.

फाशीचा प्रसंग आला. गोड आवाजातली राणी म्हणाली, "तुझे हात थरथरत आहेत. थोडी विश्रांती घे."

"विश्रांती!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "हात कापतायत मेल्या तुझे. जा, जेवून ये, मग लटकव मला."

कुणीतरी फस्सकन हसलं. नर्सने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. मावशी बोलतच राहिली. दोर जुना आहे, गाठ चुकली आहे, तुझ्या बापाने कशी सफाईने कामं केली होती. मधेच एखादा शब्द फाटायचा, एखादा घशातच राहायचा. पण पडद्यावर राणीचे ओठ मिटले की आतला आवाज थांबे. राणीने श्वास घेतला की आतही श्वास ऐकू येई. जल्लाद बोलत असेपर्यंत एखादं भांडं विसळलं जाई आणि राणीचं तोंड उघडायला पुन्हा शब्द बरोबर हजर. शिवणवाली एकदा पडद्याकडे बघे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. हसायचं ती विसरली होती.

प्रसंग संपला तशी ती उठून दारात गेली. "राणीसरकार, पुढे काय होतं?"

"पुढे भूत येतं. ते मुकं आहे. जाऊन बघा."

शिवणवाली जागेवर येऊन बसली. तिच्यामागोमाग भाचा आत गेला. हे सगळं येत्या शनिवारी लिहितो, अगदी तुझ्या नावासकट, असं तो म्हणाला.

मावशीने मान वर केली नाही. "अख्खा बघून झाला?"

"नाही अजून."

"मग बाहेर जाऊन बस," ती म्हणाली आणि तिने नळ मोठा सोडला.