कोपऱ्यावरच्या खुर्च्या

"आई, खुर्ची खाली ठेव आधी."

शिवणवालीने ठेवली नाही. ती पाठमोरी जिना उतरत होती, खुर्चीचे पाय भिंतीला घासत होते आणि मुलगी खालच्या पायरीवर वाट अडवून उभी होती. शिवणवालीच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. ती काढायचंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"सर बाजूला. हात भरून आलाय."

"तू खरंच त्या कोपऱ्यावर जाणार आहेस?"

"मी एकटी नाही, सगळेच जाणार आहोत. बुधवार आहे आज."

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थना असे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून. शिलाईचं मशीन भिंतीला सरकवायचं, खुर्च्या दाटीवाटीने मांडायच्या आणि दार सताड उघडं ठेवायचं, येणाऱ्याला कडी वाजवायला लागू नये म्हणून. मग एका संध्याकाळी, बंद पडलेल्या औषधाच्या दुकानासमोर, त्या कोपऱ्यावर तिच्या नवऱ्याला अडवून लुटलं. जन्मभर बस चालवलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घड्याळ आणि फोन मुकाट्याने काढून दिल्यावरही मारलं. कोणी, ते कोणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असणार, पण बोललं कोणी नाही.

मोडलेल्या बरगड्या सांधल्या. झोप मात्र गेली ती गेलीच. रात्रभर तो खिडकीशी बसून राहायचा, दिवसा जरा डुलकी लागली की दचकून उठायचा. उंबऱ्याबाहेर त्याने पाऊल टाकलं नव्हतं. बुधवारची माणसंही हळूहळू गळाली. उघड्या दाराला आधी कडी लागली, मग कुलूप. चर्चचे पाळक म्हणाले, काही दिवस फोनवरच प्रार्थना करू या. आणि मुलीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या घरातली मागची खोली आईबाबांसाठी रंगवून घेतली.

"बाबा तिथे निवांत झोपतील," ती म्हणायची.

"तिथेही खिडकी आहेच ना?" शिवणवाली म्हणायची.

कोपऱ्यावर जायचं तिच्या डोक्यात आलं ते गेल्या बुधवारी. फोनवर प्रार्थना चालू असताना तिने हळूच एक डोळा उघडला. नवऱ्याचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते, पण डोळे टक्क उघडे होते, दारावर खिळलेले. आमेन झाल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"प्रार्थनेत डोळे उघडे ठेवता तुम्ही."

"तुला कसं कळलं?"

म्हणजे तिचेही उघडे होते. एरवी त्याने या चोरीवरून तिला आठवडाभर छळलं असतं. या वेळी तो हसलासुद्धा नाही.

"मिटवत नाहीत गं," तो म्हणाला. "मिटले की तो कोपरा दिसतो."

"मग त्या कोपऱ्यावरच जाऊन मिटू."

तेव्हा त्याला ती थट्टा वाटली होती. आता तो वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बघ त्यांच्याकडे," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "परत काही झालं तर?"

"आणि काहीच न होता असेच संपले तर?" शिवणवालीचा आवाज चिरकला. "आज उतरले नाहीत, तर तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीतूनही कधी बाहेर येणार नाहीत. मला माझा माणूस परत हवाय. धर हे."

मुलीने खुर्चीचे खालचे पाय धरले. रागानेच धरले, पण धरले.

कोपऱ्यावर बेकरीवाला स्वतःचं स्टूल घेऊन आधीच येऊन बसला होता. पाळक घाम पुसत आले आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची जरा भिंतीकडे सरकवली. शिवणवालीने नवऱ्याला हाताला धरून आणलं. जिथे तो पडला होता तिथेच त्याची खुर्ची मांडली. तो बसला. टेकला नाही, नुसता बसला.

समोरच्या कट्ट्यावर नेहमीचं टोळकं होतं. त्यांच्या म्होरक्याला सगळे भोंगा म्हणत, त्याच्या मोटरसायकलच्या आवाजावरून. ती सुरू झाली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या बंद व्हायच्या. खुर्च्या पाहून त्याने गाडीला किक मारली आणि जागच्या जागी ती गुरकावत ठेवली. पाळकांनी प्रार्थना सुरू केली खरी, पण शब्द कुणाच्या कानांपर्यंत पोचेनात. त्यांचा आवाज बारीक होत होत बसला.

शिवणवाली उठून उभी राहिली. दिवसभर मशीनच्या खडखडाटात गिऱ्हाइकांशी बोलणारी बाई ती, आवाज कमावलेला होता.

"प्रभू, आम्ही इथे बसलोय. यांना जिथे पाडलं तिथेच. आम्हाला भीती वाटतेय, ती तुला दिसतेच आहे. पण रस्ता आमचाही आहे. ज्यांनी यांना मारलं त्यांचे हात तू धर. घट्ट धर, सुटू देऊ नकोस. त्यांना माफ कर, असं माझ्या तोंडून अजून निघत नाही. तुझ्याशी खोटं काय बोलू? पण ते निघेपर्यंत मी दर बुधवारी इथेच येणार. कोणी काही म्हणो."

"आमेन!" बेकरीवाल्याने मध्येच ठोकून दिलं.

समोरची गाडी बंद झाली. कंटाळून झाली की कशाने, कोण जाणे. मग पाळकांना धीर आला आणि ते भरपूर लांबले. आजाऱ्यांसाठी झालं, परीक्षा देणाऱ्यांसाठी झालं, शेवटी अख्ख्या शहरासाठी झालं. आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले.

तिच्या नवऱ्याचे मिटलेलेच होते.

तो अजून प्रार्थनेत असेल म्हणून सगळे अदबीने थांबले. मग त्याची हनुवटी छातीवर टेकली, तोंड किंचित उघडलं आणि तो चक्क घोरायला लागला. मुलीने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"बाबा," म्हणत ती त्याला हलवायला वाकली. शिवणवालीने तिचं मनगट पकडलं.

"हात लावू नकोस."

"अंधार पडायला लागलाय," पाळक कुजबुजले. "उठवलेलं बरं."

"ते उठले की जाऊ."

"आणि तोवर?"

"तोवर प्रार्थना. मनातल्या मनात."

पाळकांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने मुकाट्याने डोळे मिटले. मग पाळकांनीही मिटले.

समोर भोंगा गाडीवर बसला आणि त्याने किकवर पाय ठेवला.

शिवणवाली रस्ता ओलांडून गेली. मागून मुलगी दबक्या आवाजात हाका मारत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. ती गाडीच्या पुढ्यात, चाकाला खेटून उभी राहिली.

"नको चालू करूस."

"का?"

"माणूस झोपलाय."

त्याचं टोळकं खो खो हसलं. तो हसला नाही. तिच्या खांद्यावरून त्याने पलीकडे, त्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तो खाली उतरला आणि गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन गेला. ती तिथून पुढे कुठेतरी, लांबवर सुरू झालेली ऐकू आली.

शिवणवाली परत येऊन नवऱ्याशेजारी बसली. तिने टेप गळ्यातून काढून मुठीत गुंडाळली. बाकी सगळ्यांनी डोळे मिटले होते, मुलीनेसुद्धा. तिने मात्र मिटले नाहीत. ती गल्लीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. आज डोळे उघडे ठेवायची पाळी तिची होती.