पेन्सिलीची फुली

भाजीची जुडी घेताना आपण ती दहादा उलटीपालटी करून बघतो, आणि आयुष्यभराची पुंजी मात्र एका सहीत देऊन मोकळे होतो! आमच्या शिंपीमास्तरांनी तेच केलं.

तसे मास्तर कामात भलतेच काटेकोर. दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायचे नाहीत. एकोणतीस वर्षं त्यांनी एकाच भाड्याच्या गाळ्यात मशीन चालवलं. बायकोने पोटाला चिमटा काढून जे साठवलं, ते म्युच्युअल फंडात टाकलं. सल्ला बहिणीच्या मुलाचा. वर्ष भरत आलं की हा भाचा नवा फॉर्म घेऊन हजर! जिथे सही हवी तिथे आधीच पेन्सिलीने फुली मारलेली. "मामा, ती योजना थंडावली, आता ही घ्या." मास्तर चष्मासुद्धा न लावता फुलीवर सही ठोकायचे. घरचाच पोरगा, त्याला काय विचारायचं?

यंदा गाळा विकायला निघाला. मालक म्हणाला, "मास्तर, पहिला हक्क तुमचा. पंधरा दिवसांत पैसे द्या. नाहीतर मोबाइलवाला टपूनच बसलाय." मास्तर हरखले. बायकोने तर गाळ्याच्या दारासाठी नवा पडदाही शिवला. मग त्यांनी भाच्याला फोन लावला.

"आता नाही निघणार, मामा. गेल्या वर्षी सगळे कर वाचवायच्या योजनेत टाकलेत ना? तीन वर्षं हात लावता येत नाही."

"अरे, पण मी कर भरतोच कुठे?"

भाचा घाईने म्हणाला, "नियम आहे हो, मामा. मी काय करणार?"

त्याच दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरबाई कोट सैल करून घ्यायला आल्या होत्या. मास्तरांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी फंडाचे कागद मागवून कापायच्या टेबलावर पसरले आणि कपाळाला हात लावला.

"अहो मास्तर, दर वेळी वर्ष भरायच्या आत योजना बदललीय, म्हणून दर वेळी बाहेर पडायचा दंड कापलाय. शिवाय त्याचं कमिशन दरसाल तुमच्याच पैशातून. फंड वर जावो नाहीतर खाली, यांची कात्री चालूच!"

"मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

"ठेवा ना, पण विचारून ठेवा. गिऱ्हाइकाने शिलाई किती विचारली तर तुम्हाला राग येतो का? मग 'तुला यात किती मिळतात' हे त्याला विचारायला लाज का वाटली? त्याने लबाडी केली, कंपनीने अटी मुंगीएवढ्या अक्षरात छापल्या, सगळं खरं. पण वाचायचं काम तुमचं होतं!"

मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं.

गाळा गेला. मशीन घरात खिडकीखाली आलं, निम्मी गिऱ्हाइकं तुटली. बायकोने तो पडदा उसवला आणि उशांचे अभ्रे शिवले.

दोन महिन्यांनी भाचा आला. जास्त धंदा आणला म्हणून कंपनी त्याचा सत्कार करणार होती, त्यासाठी कोट हवा होता. मास्तरांनी माप घेतलं आणि पुढच्या खेपेला कच्चा कोट त्याच्या अंगावर चढवून टाचण्या लावल्या. तेवढ्यात त्याने मामीपुढे फॉर्म सरकवला. "मामी, तुमची बँकेतली छोटी ठेव आता सुटतेय ना? इथे सही करा." फुली होतीच!

मास्तरांनी तो कागद उचलला, चष्मा लावला आणि खाली बसून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. भाचा टाचण्यांच्या कोटात ताटकळला. हललं की टोचायचं.

"तुला यात किती मिळणार?" मास्तरांनी विचारलं.

"मामा! घरच्या माणसाला असं विचारतात?"

"घरच्यानेच कापलं, म्हणून विचारतोय!"

मामीने खोडरबर आणलं, एकेक फुली पुसली आणि कोरा फॉर्म त्याच्या हातात दिला. "आधी आम्ही वाचू. मग ठरवू."

"कोट शनिवारी ने," मास्तर म्हणाले. "शिलाई आधीच सांगतो. पूर्ण पडेल."

मंडळी, सही म्हणजे कात्री. एकदा चालली की कापड पुन्हा जुळत नाही. पैसे कधी काढता येतील, किती कापले जातील, कुणाच्या खिशात जातील, हे विचारल्याशिवाय सही करू नका, समोर सख्खा भाचा का असेना! मास्तरांना हे शहाणपण एका गाळ्याच्या किमतीला पडलं. तुम्हाला फुकट मिळतंय, तेवढं तरी घ्या.