अख्ख्या टेकडीचा खोटा फोटो

मी सहा वर्षांचा जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. जळगावच्या ललितने मला घेतलं ते निसर्गाचे फोटो काढण्यासाठी. माझ्या एका फोटोत सहा कोटी ठिपके मावतात. मेहरूण तलावाच्या पलीकडच्या काठावरचे बगळेही मी मोजून देतो. रुंद देखावा टिपायचा तर ललित मला तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा धरी, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणी आणि थोडं थोडं वळवत नऊ फोटो घेई. शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सारखा ठेवी. मग संगणकावर त्यांचा एक लांब फोटो जुळे. लोक वाहवा करत. मलाही अभिमान वाटे.

गेल्या वर्षी दिनदर्शिकेसाठी आम्ही दोंडाईच्याकडची एक टेकडी टिपली. तिच्या डाव्या उतारावर मुरमाच्या खाणीने मोठी पिवळी खाच पाडली होती. मी ती जशीच्या तशी दिली. ललितने संगणकावर ती बुजवली, वर गवत चढवलं. नऊ मूळ फोटो फार जागा खातात म्हणून तेही उडवून टाकले.

दिनदर्शिका घरोघरी लागली. टेकडीच्या पायथ्याशी राहणारे चिंधानाना ती घेऊन ललितच्या स्टुडिओत आले. टेकडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर त्यांची विहीर चालते.

"भाऊ, तुना फोटोमा बठ्ठी टेकडी शे. मना दारथून अर्धीच दिखस. बाकीनी तू कोठून आनी?"

"नाना, थोडी सफाई केली. फोटो चांगला दिसावा म्हणून."

"सफाई? आते त्या खाणवाला खरोखर सफाई करतीन!"

तसंच झालं. खाण वाढवण्याच्या अर्जावर सरकारी कचेरीत सुनावणी होती; नाना आम्हालाही घेऊन गेले. ठेकेदाराच्या माणसाने तीच दिनदर्शिका साहेबांपुढे ठेवली. "बघा साहेब, टेकडी जागेवर आहे. खाली ललितभाऊंचं नावही आहे."

ललित उठला. "साहेब, हा फोटो खोटा आहे. खाच मीच बुजवली."

"मग मूळ फोटो दाखवा."

ललितकडे काहीच नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर लटकत होतो. जे मी पाहिलं होतं, ते माझ्याजवळही उरलं नव्हतं. साहेबांनी टेकडी न पाहताच खाण वाढवायला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी ललितने मला चिंधानानांच्या अंगणात उभं केलं. समोर यंत्र टेकडी खात होतं. सवयीने ललितने खड्डा चौकटीबाहेर ठेवला.

नाना म्हणाले, "नीट काढ. खड्डाबी येऊ दे. धूळबी येऊ दे."

तेव्हापासून ललित दर सोमवारी येतो, काहीही न पुसता फोटो काढतो आणि दोन ठिकाणी जपून ठेवतो. नानांच्या विहिरीचं पाणी मात्र तीन हात खाली गेलं आहे.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, ओलाव्यापासून वाचवा, असं मी सांगणार नाही. तेवढं सगळेच करतात. मी दिलेला मूळ फोटो जपा. तो देखणा नाही म्हणून उडवलात, तर एखाद्या दिवशी कोणाची तरी विहीर वाचवायची असेल आणि तुमच्या हातात फक्त सुंदर फोटो असेल.