नारिंगी भूछत्राचे भाऊबंद

"बरणी पहिल्या जागी ठेव, जीवराम. नाहीतर कपाटाची किल्ली दे," भदाणेसर म्हणाले.

देवपूरच्या आमच्या कॉलेजात जीवराम सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या बरण्या सांभाळत होता. किल्ली करदोट्याला. बोहल्यावर चढतानाही त्याने ती सोडली नव्हती. मी वरातीत होतो, खोटं कशाला सांगू?

सत्याऐंशी साली सरांना तोरणमाळला एक नारिंगी भूछत्र सापडलं. एवढं झगझगीत, की परतताना एस.टी.च्या कंडक्टरने आतले दिवेच लावले नाहीत. सरांनी चिठ्ठी चिकटवली, 'नवी जात', आणि जातीला स्वतःचं नाव दिलं. पुण्याची समिती ते बघायला येणार, आणि त्याच सकाळी जीवरामने बरणी भूछत्रांतून काढून अळीवर वाढणाऱ्या बुरशीशेजारी मांडली.

"सर, भूछत्र साधंच शे. नारिंगी कातडं दुसरानं शे. बुरशी शे ती, भूछत्रले खाई जास."

"भूछत्रावर वाढते, म्हणजे त्यांच्यातलीच."

"ज्याना घर जेवस, त्याना भाऊबंद व्हस का मानूस? भूछत्र बिया बाहेर धरस, चार दांडीसवर. हाई पिशवीमा धरस, आठ-आठ, शेंगमा दाना रहातस तशा. अळीवरनी बुरशी बी पिशवीमाच. त्या दोन्ही भाऊबंद!"

"तुझं काम बरण्या पुसायचं!"

"पुसता पुसताच देखं मी."

जीवरामने करदोट्याची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली. बरणीला हात लावला नाही.

तेवढ्यात समिती जिना चढून आलीच. पात्याने पातळ काप घ्यावा तो जीवरामनेच. सर दात आवळून पुटपुटले, "खालच्या पांढऱ्या भागाचा घे. नारिंगीला शिवू नकोस."

जीवरामने सगळ्यांदेखत नारिंगीतूनच पातं चालवलं.

समितीतल्या बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. त्यांचे ओठ हलत होते. "...सहा, सात, आठ." मग मान वर करून हळूच म्हणाल्या, "सर, हे भूछत्राचं नाही हो."

सरांच्या नावाची चिठ्ठी निघाली. बरणी अळीशेजारीच राहिली. जीवरामला मात्र दुसऱ्या दिवशी घंटेवर बसवलं.

तासाला दोन टोल द्यायचा रिवाज. भदाणेसरांच्या तासाला जीवराम आठ द्यायचा. प्राचार्यांनी झापलं, "मोजता येत नाही का रे?"

"मोजता येस, सर. म्हनीसनच."

निवृत्त होईपर्यंत आठच. सर व्हरांड्यात खडू धरून थांबत, आठवा टोल विरला की वर्गात शिरत. आणि जीवराम हातोडी खाली ठेवून नकळत कमर चाचपायचा. तिथे नुसता करदोटा.