सटवाजीनं पाळलेलं पथ्य

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला वर्ष झालं होतं. पिंगळीत रेशनवर छटाकभर साखर मिळायची मारामार, आणि दत्तराव देशमुखांच्या लघवीतून ती वाहून चालली होती. आजार श्रीमंतांचा, म्हणून दत्तरावांना त्याचा थोडा अभिमानच होता.

जोडा चावून अंगठ्याला झालेली जखम दोन महिने भरेना, तेव्हा ते परभणीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लघवी निळं औषध घालून नळीत तापवली, ती विटकरी झाली; म्हणजे साखर भरपूर. त्यांनी पथ्य लावून दिलं: दीड भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, पातळ ताक. गोड बंद आणि रोज दोन कोस चालणं. साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दत्तराव घाबरले. पण स्वतः तोंड आवरायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. चातुर्मासाचे उपास गुरुजी करायचे, पारायण गुरुजी वाचायचे. दत्तराव फक्त त्यांच्या हातावर संकल्पाचं पाणी सोडायचे आणि पुण्य घरी यायचं. मग पथ्यानंच काय घोडं मारलं होतं? त्यांनी मेंढरं राखणाऱ्या सटवाजीला ओसरीवर बोलावलं आणि त्याच्या तळहातावर पाणी सोडलं.

"पथ्य माझं, पाळायचं तू. जेवन आमच्या घरून."

"मालक, ह्ये तर माझं रोजचंच जेवन हाय," सटवाजी म्हणाला. "मूग आन ताक तेवढं जास्तीचं व्हायलंय."

चालण्याचा प्रश्नच नव्हता; मेंढरांमागं तो चार कोस चालायचाच. इकडे मनकर्णाबाई नवऱ्याच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरत होत्या. पथ्य चालू असताना अंगात ताकद नको का, असं त्यांचं म्हणणं.

दोन महिन्यांत सटवाजीनं चांगलं अंग धरलं. डॉक्टरांनी सकाळची लघवी बाटलीतून मागवली, तेव्हा पथ्य ज्यानं पाळलं त्यानंच बाटली भरायची, असा सरळ न्याय दत्तरावांनी लावला. यात फसवणूक आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बाटली घेऊन ते परभणीला गेले. नळी निळी ती निळीच राहिली, साखरेचा मागमूस नाही. डॉक्टर खूश, दत्तराव त्याहून. जोडा न काढताच ते उठले आणि गावात पेढे वाटले. चार स्वतः खाल्ले. सटवाजीनं एक मागितला, तर त्याला पथ्याची आठवण करून दिली.

महिन्याभरात अंगठा काळा पडला, ताप चढला. सटवाजीनंच बैलगाडी जुंपून त्यांना परभणीला नेलं. डॉक्टरांनी जोडा काढायला लावला आणि नाकाला रुमाल धरला. या खेपेला बाटली समोर भरून घेतली. नळी विटकरी झाली. मागची बाटली कुणाची, असं विचारल्यावर दत्तरावांनी सगळं खरं सांगितलं, अगदी पाणी सोडल्याचंसुद्धा. डॉक्टरांना हसू आलं नाही. मला येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

"अंगठा आजच कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "उशीर केलात तर पाय जाईल."

दत्तरावांनी पाण्याचा तांब्या मागितला. पाणी काही प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून दाराशी उकिडव्या बसलेल्या सटवाजीच्या पायांकडे बघत राहिले.

सटवाजीनं आधी तळहात मिटले, मग दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले.